गवंड्याचा बायोडेटा

मालवण-कुडाळकडच्या घरांत 'बायोडेटा' हा शब्द शिरतो तो लग्नाच्या निमित्ताने. वर गणपतीचे चित्र, खाली नाव, जन्मवेळ, रास, उंची, रंग, देवक, मामाचे कूळ आणि शेवटी 'स्वतःचे घर, आंब्याची कलमे' अशी एक ओळ. हा कागद वाईट नाही. 'माणूस कुणाचा, कुठला' या प्रश्नाचे उत्तर तो चोख देतो. अडचण होते ती हाच साचा नोकरीसाठी वापरला जातो तेव्हा. गेली काही वर्षे मी आमच्या भागातले गवंडी, सुतार, सळईकाम करणारे, लादीकाम करणारे आणि प्लंबर यांचे अर्ज व बायोडेटा मिळतील तसे वाचतो आहे. माझ्या हाती आलेल्या बहुतेक कागदांत वडिलांचे नाव, जात, वजन आणि 'छंद: क्रिकेट' हे होते. त्या माणसाने गेल्या वर्षी बांधलेल्या घराचा उल्लेख मात्र नव्हता.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती. आमच्या वाडीतले एक गवंडी, वय पन्नाशीच्या जवळ, गोव्यातल्या एका मोठ्या बांधकामावर लागायचे म्हणून कागद लिहून घ्यायला आले. काय काय येते असे विचारले तर म्हणाले, "लिवा तुमी भाऊनू, माका सगळा येता." मी लिहिले, 'बांधकाम कामगार. सर्व प्रकारची बांधकामाची कामे करतो. मेहनती व प्रामाणिक.' तिथल्या कार्यालयात तो कागद पाहून त्यांची नोंद हेल्पर म्हणून झाली. पुढचे चार महिने भिंत तेच बांधत होते, ओळंबाही त्यांच्याच हातात होता, पण हजेरीपटावर ते बिगारी होते आणि मजुरीही बिगाऱ्याची. ज्या मुकादमाच्या एका शब्दावर त्यांना पंचवीस वर्षे काम मिळत आले, तो मुकादम तोवर वारला होता. तोंडी साक्ष देणारे कुणी उरले नव्हते आणि लेखी साक्ष मी लिहिलेली होती.

पायरी आणि भिंत

बांधकाम करणाऱ्याने स्वतःबद्दल काय लिहावे, याचा आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध नमुना रायगडावर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर सुरू झाले आणि 1667 साली तो किल्ला उभा राहिला. त्या कामाशी आणि पुढे रायगडाच्या बांधकामाशी हिरोजी इंदुलकर हे नाव परंपरेने जोडलेले आहे. रायगडावरच्या जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजींचे नाव कोरलेले आहे आणि त्यासोबत सेवेत तत्पर असल्याचे दोन-तीन शब्द. गडावर जाणारा प्रत्येक मराठी माणूस ती पायरी पाहून हळवा होतो.

पण त्याच मंदिरात एक संस्कृत शिलालेखही आहे, आणि त्याकडे तेवढे लक्ष जात नाही. हिरोजीने रायगडावर काय काय उभे केले, त्याची त्यात यादी आहे: विहिरी, तळी, बाग, रस्ते, स्तंभ, हत्तीशाळा, राजाचे वाडे. म्हणजे एकाच माणसाच्या दोन नोंदी एकाच ठिकाणी आहेत. पायरीवर निष्ठा, भिंतीवर काम. आपण बायोडेटा लिहिताना पायरीची नक्कल करतो. मेहनती, प्रामाणिक, आज्ञाधारक. भिंतीवरची यादी लिहायची राहून जाते. ज्याला शहरात रिझ्युमे म्हणतात, तो कारागिराच्या बाबतीत या भिंतीवरच्या यादीपलीकडे फारसा काही नसतो. आपण काय बांधले, कुठे, केवढे आणि त्यात आपला हात किती, एवढेच त्यात यावे लागते.

तोंडी साक्ष कुठपर्यंत पुरते?

कोकणातल्या कारागिराला आजवर कागदाची गरज पडली नाही, याचे कारण त्याचे काम गावात उभे असे. चिऱ्याची भिंत रस्त्यावरून दिसते. सांधेमोड नीट आहे का, दरजा सरळ आहे का, पावसाळ्यानंतर पोपडा धरला का, हे येणारा-जाणारा पाहतो. त्यामुळे नवे घर बांधणारा जुने घर पाहून गवंडी ठरवतो. यापेक्षा उत्तम परीक्षा नाही. पण ती चालते पाच-दहा मैलांच्या आत.

ती आता ओलांडली गेली आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, जानेवारी 2023 मध्ये सीमेपलीकडे मोप्याचा. महामार्गाचे चौपदरीकरण, किनाऱ्यावरची हॉटेले, गोव्यातल्या इमारती, आणि त्याआधीपासूनचे मस्कत, दुबई, दोहा. या ठिकाणी निवड करणाऱ्याने देवबागचे घर पाहिलेले नसते आणि पाहणारही नसतो. इंग्रज अमदानीत साहेब लोक बदली होऊन जाताना आपल्या खानसाम्याला किंवा नोकराला शिफारशीची चिठ्ठी देत. पुढच्या साहेबासमोर तीच त्याची पत. इंग्रजीतला 'चिट' हा शब्द आपल्या चिठ्ठीवरूनच गेला. माणूस आपल्या गावाबाहेर पडला की त्याच्या हातात चिठ्ठी लागते, हे तेव्हाही खरे होते.

मालवणात राहून या विषयावर लिहिताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. 4 डिसेंबर 2023 रोजी राजकोट किल्ल्यावर ज्याचे अनावरण झाले तो शिवरायांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. दोष कुणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण त्या आठवड्यात बाजारात, मच्छीमार्केटात, एसटी स्टँडवर जो तो एकच विचारत होता: एवढे मोठे काम याआधी कुणी केले होते का? हा प्रश्न योग्यच होता. तोच प्रश्न आपण शाळेच्या स्लॅबबद्दल किंवा पाण्याच्या टाकीबद्दल विचारत नाही, आणि विचारला तरी उत्तर द्यायला कारागिराजवळ कागद नसतो.

तीन कागद, तीन कामे

कारागिराच्या पिशवीत साधारण तीन प्रकारचे कागद असू शकतात. त्यांची गल्लत झाली की नुकसान होते.

पहिला, बांधकाम कामगार म्हणून नोंदणीचा. 1996 च्या कायद्याखाली महाराष्ट्रात 2011 साली इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. वय 18 ते 60 आणि मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल तर नोंदणी होते. दाखला ठेकेदार देतो, ग्रामसेवकही देऊ शकतो. मुलांची शिष्यवृत्ती, उपचार, अपघातात मदत यांसाठी हे ओळखपत्र मोलाचे आहे आणि ते प्रत्येकाने काढावे. पण ते दिवस मोजते, हात मोजत नाही. माती वाहणारा आणि कमान बांधणारा, दोघांच्या हाती एकच कार्ड येते.

दुसरा, प्रशिक्षणाचा. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असून आठवी झालेल्याला प्रवेश मिळतो. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा, दहावीनंतर. जे कामावरच शिकले त्यांच्यासाठी 2015 पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या शिकण्याला मान्यता देण्याची सोय आली. थोडी उजळणी, मग परीक्षा आणि प्रमाणपत्र. ज्यांच्याकडे शाळेचा कागद नाही त्यांनी हे जरूर करावे. पण प्रमाणपत्र सांगते ते एवढेच, की अमुक दिवशी या माणसाला हे जमले.

तिसरा कागद कारागिराने स्वतः लिहायचा. पंचवीस वर्षांत काय केले ते फक्त हाच सांगू शकतो. आणि त्यावर पैसे अवलंबून असतात. किमान वेतनाच्या अधिसूचनांत कामगारांची विभागणी कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी असते. परदेशी नोकरीत तर व्हिशावर आणि करारावर जे पद लिहिले जाते त्यावरच पगार ठरतो. तिथे एकदा 'हेल्पर' छापले गेले की हातातली कला दाखवून ते सहसा बदलत नाही.

कागद कसा लिहावा

आमच्या वाडीतल्या गवंड्यांचा दुसरा कागद लिहायला आम्हांला दोन संध्याकाळी लागल्या. पहिली संध्याकाळ घरात गेलीच नाही. त्यांनी बांधलेल्या घरांवरून आम्ही चालत फिरलो, टेप लावली आणि घरमालकांना साल विचारून घेतले. मला हे आधी कळायला हवे होते. बायोडेटा टेबलाशी बसून आठवत लिहायचा नसतो. आधी कामे मोजायची असतात.

नावाखाली एकच ओळ हवी: व्यवसाय, वर्षे आणि खासियत. 'चिऱ्याची जोडाई व गिलावा करणारा गवंडी, 25 वर्षे.' सगळे येते असे सांगणाऱ्याला काहीच धड येत नाही, असा अर्थ अनोळखी माणूस काढतो. जे उत्तम येते ते वर, जे चालण्यापुरते येते ते खाली.

त्यानंतर अलीकडची चार-पाच कामे, नवे आधी. प्रत्येक कामात ठिकाण, साल, बांधकामाचा प्रकार, माप आणि आपला वाटा. आम्ही लिहिलेली एक नोंद अशी होती: 'चिऱ्याचे एकमजली घर, देवबाग, 2022–23. जोते सुमारे 900 चौरस फूट. जोत्यापासून स्लॅबच्या तळापर्यंतची सर्व जोडाई, आतून गिलावा, बाहेरून दरजा. हाताखाली 1 गवंडी व 3 बिगारी.' यात एकही विशेषण नाही. पण ठेकेदार वाचतो तेव्हा त्याला दिसते की हा माणूस पाया भरल्यापासून कोपरे धरतो आणि चार माणसे सांभाळतो. 'मेहनती' हे त्यात आपोआप आले.

यापुढचा भाग सर्वांत अवघड. आपल्या कामाचे नाव दुसऱ्या मुलखाच्या भाषेत सांगणे. आखातात चिरा नाही, तिथे सिमेंटचे पोकळ ब्लॉक. म्हणून 'चिरेकाम' एवढेच लिहिले तर उपयोग नाही. ओळंबा, पाणसळ, सांधेमोड, कोपरा काटकोनात धरणे हे दोन्हीकडे तेच आहे, हे सांगावे लागते. ब्लॉकचे काम केले असेल तर ते वेगळे लिहावे लागते. तिकडे गवंडीही एक नसतो. ब्लॉक मेसन, प्लास्टर मेसन, टाइल मेसन ही वेगवेगळी पदे. सुताराची कथा तीच. स्लॅबसाठी फळ्या-टेके लावणारा तो शटरिंग कारपेंटर, दारे-कपाटे करणारा तो फर्निचर कारपेंटर. आढे, वासे, रिपा घालून कौलारू छप्पर उभारणारा आमचा सुतार या दोन्हींत बसत नाही. त्याने 'लाकडी छपराचे काम' असे स्पष्ट लिहून त्यासोबत दारे-खिडक्यांचे कामही नोंदवावे, नाहीतर त्याला शटरिंगला लावतात. लादीकाम करणाऱ्याने किती मोठ्या लाद्या बसवल्या ते लिहावे. दोन बाय चार फुटांची व्हिट्रिफाइड लादी बसवणे आणि एक फुटी लादी बसवणे यांत फरक आहे, आणि तो विचारणाऱ्याला ठाऊक असतो.

नकाशा वाचता येतो का, हे एका ओळीत लिहावे. लेझर लेव्हल, कटर, व्हायब्रेटर यांपैकी काय चालवले ते लिहावे. परांचीवर सेफ्टी बेल्ट लावून काम केले असेल, सुरक्षेचे प्रशिक्षण झाले असेल, तर तेही. मोठ्या कंपन्यांत हे आधी पाहतात. भाषा लिहिताना 'इंग्रजी' असे नुसते न लिहिता 'इंग्रजी: मापे व सूचना समजतात' असे खरे लिहावे.

कोकणातला एक खास प्रश्न म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर इथला गवंडी लावणी, बेणणी करतो, चतुर्थीला घर सोडत नाही. बाहेरच्या माणसाला दरवर्षी चार महिने रिकामे दिसतात आणि माणूस काम सोडून जाणारा वाटतो. 'ऑक्टोबर ते मे बांधकाम, पावसाळ्यात स्वतःची शेती' अशी एक ओळ टाकली की शंका मिटते. बारमाही काम करायची तयारी असेल तर तेही तिथेच लिहावे.

फोटोंबाबत बहुतेकजण चुकतात. रंग लावून झालेल्या, तोरण बांधलेल्या घराचा फोटो देतात. त्यात रंगाऱ्याचे काम दिसते. गवंड्याने उघड्या भिंतीचा, कोपऱ्यावर ओळंबा लावलेला फोटो द्यावा. सळईकाम करणाऱ्याने काँक्रीट ओतण्याआधीच्या जाळीचा, रिंगांचा, कव्हर ब्लॉकचा. प्लंबरने लादी बसण्याआधीच्या पाइपांचा. बांधकामात बरेचसे चांगले काम गाडले जाते. ते गाडले जाण्याआधी टिपले नाही तर त्याचा दुसरा पुरावा नाही.

ओळखीसाठी दोन माणसांची नावे आणि फोन द्यावेत, पण त्यांना विचारून. त्यांत एक ठेकेदार किंवा इंजिनिअर असावा आणि दुसरा घरमालक. जात, धर्म, वजन, छंद यांना या कागदावर काम नाही. पासपोर्ट असल्यास त्याची मुदत लिहावी. पासपोर्ट आणि आधारचे क्रमांक मात्र हातोहात फिरणाऱ्या कागदावर छापू नयेत. सगळे मिळून एक पान पुरते. नाव पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने लिहावे.

फुगवलेला कागद

दोन वर्षांच्या अनुभवाचे सात करून देणारे लोक प्रत्येक तालुक्यात भेटतात. तो मोह किती महाग पडतो याचे उदाहरण ताजे आहे. 2024 च्या जानेवारीत हरियाणात रोहतकला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पुण्यात इस्रायलसाठी बांधकाम कामगारांची निवड झाली. शटरिंग, सळईकाम, लादीकाम आणि गिलावा अशी चार कामे, आणि निवड प्रत्यक्ष काम करून घेऊन. तरीही पहिल्या तुकडीतल्या काही जणांना ते ज्या कामासाठी गेले ते येत नव्हते, त्यांना दुसऱ्या कामांना लावावे लागले, अशा बातम्या पुढे वृत्तपत्रांत आल्या. सौदी अरेबियानेही अनेक व्यवसायांसाठी इथेच कौशल्याची परीक्षा देण्याची अट घातली आहे. म्हणून नियम साधा: कागदावरची प्रत्येक ओळ हातात थापी घेऊन करून दाखवता आली पाहिजे. येत नसेल ती ओळ खोडावी.

फसवणूक उलट बाजूनेही होते. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा एजंट केंद्र सरकारकडे नोंदलेला असावा लागतो. त्याचा नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी आहे, आणि पावती मागणे हा आपला हक्क आहे. दहावी न झालेल्यांना आखाती देशांसह ठरावीक देशांत जाताना उत्प्रवासन मंजुरी लागते. ती टाळून पर्यटक व्हिशावर जा म्हणणारा माणूस आपल्या भल्याचा नसतो. करारावरचे पद आणि आपल्या कागदावरचे पद एकच आहे का, हे सही करण्यापूर्वी एकदा मुलाकडून वाचून घ्यावे.

वही कुणाच्या हातात?

जर्मनीत आजही काही तरुण सुतार आणि गवंडी शिक्षण संपवून तीन वर्षे आणि एक दिवस गावोगाव काम करत फिरतात. आपल्या गावापासून पन्नास किलोमीटरच्या आत फिरकायचे नाही, असा त्यांचा दंडक. त्यांच्याजवळ एक वही असते. ज्या उस्तादाकडे काम केले तो तिच्यात नोंद करतो, गावाचा शिक्का उमटतो. 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्या राज्याकडे आपली मुले जाणार असतील तर तिथे कामाची वही हा प्रतिष्ठेचा विषय आहे, हे त्यांना ठाऊक असावे.

फ्रान्समध्ये याच वहीची दुसरी बाजू दिसली. 1803 साली तिथे प्रत्येक कामगाराला पुस्तिका सक्तीची झाली. पण ती मालकाकडे ठेवावी लागे. मालकाने शेरा मारून ती परत दिल्याशिवाय दुसरे काम धरता येत नसे. कामगाराची ओळख हीच त्याची बेडी झाली. ती पद्धत 1890 मध्ये रद्द झाली. परदेशात पासपोर्ट मालकाकडे अडकलेला आपला माणूस ही गोष्ट न सांगताच समजेल. वही दोन्हीकडे होती. फरक ती कुणाच्या पेटीत राहते एवढ्याचाच.

म्हणून बायोडेटाच्या आधी वही. शंभर पानी साधी वही, कारागिराच्या स्वतःच्या पेटीत. काम संपले की त्याच दिवशी चार ओळी: ठिकाण, तारीख, माप, आपला वाटा, मालकाची सही आणि फोन. लिहिता येत नसेल तर मुलीने लिहावे. पाच वर्षांनी त्यातून एक पान काढणे अर्ध्या तासाचे काम आहे. चार महिने बिगाऱ्याची मजुरी घेतलेले आमच्या वाडीतले गवंडी दुसऱ्या कागदावर त्याच गोव्यात दुसरीकडे गवंडी म्हणून लागले. बुडालेला फरक अर्थातच परत मिळाला नाही. त्यांचा मुलगा आता वही लिहितो. वडिलांच्या मापात त्याने मागच्या महिन्यात एक चूक काढली, त्यावरून घरात दोन दिवस वाद चालू होता.

दसऱ्याला आपल्याकडे करणी, ओळंबा, गुण्या, रंधा धुऊन-पुसून पुजतात. दिवाळीत व्यापारी नव्या वहीची पूजा करतो आणि पाडव्याला तिच्यात पहिला जमाखर्च मांडतो. कारागिराच्या घरात हत्यारांची पूजा आहे, वहीची नाही. या पाडव्याला एक वही त्याच्याही पाटावर ठेवायला हरकत नाही.